वेदनेच्या आधी पोचायचं

अनारशावर थापतात ती खसखस आणि हॉस्पिसमधल्या मरणासन्न रुग्णाला देतात ते मॉर्फिन, दोन्ही एकाच बोंडातून येतात. बोंड अफूचं. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे आणि राजस्थानात चित्तोडगड-प्रतापगडच्या बाजूला सरकारी परवान्यावर हे पीक घेतात. पाकळ्या गळून बोंडं भरली की दुपारनंतर त्यांच्या सालीला बारीक दातांच्या हत्याराने चिरा पाडायच्या, आणि रात्रभरात पाझरून तपकिरी पडलेला चीक सकाळी खरवडून घ्यायचा. ही अफू. ती सरकारलाच द्यावी लागते. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यातून मॉर्फिन, कोडीन अशी द्रव्यं निघतात. बोंडातल्या दाण्यांत मात्र मॉर्फिन नावालाच असतं, तेही बरंचसं बाहेरून चिकटलेलं. अनारसे खाऊन दुपारी जी गुंगी येते तिचं श्रेय तुपाला आणि गुळाला द्यावं.

इथपर्यंत नुसती शेती झाली. चक्रावून टाकणारी गोष्ट पुढे आहे. एका रोपाने आपल्या चिकात तयार केलेला रेणू माणसाच्या मज्जारज्जूतल्या एका प्रथिनाच्या खाचेत नेमका जाऊन बसतो. माळव्यातल्या झुडपाला आपल्या पाठीच्या कण्याचं माप कुणी दिलं?

शास्त्रज्ञही या प्रश्नावर बरीच वर्षं अडून होते. १९७३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी, आणि त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन व स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस यांनी, आपापल्या वाटेने जाऊन दाखवून दिलं की मेंदूत अफूच्या द्रव्यांना धरून ठेवणाऱ्या जागा खरोखरच आहेत. त्यांना रिसेप्टर म्हणतात. आता पुढची शंका कुणालाही येईल. आयुष्यात अफूला हातही न लावणाऱ्या माणसात या जागा कशाला? डुकरात कशाला, उंदरात कशाला? याचा अर्थ शरीर स्वतःच तसलं काहीतरी बनवत असणार आणि जागा त्याच्यासाठी राखलेल्या असणार. १९७५मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून ते द्रव्य वेगळं काढलं. पाच अमिनो आम्लांची इवलीशी साखळी, नाव एन्केफॅलिन. तिच्या मागोमाग एन्डॉर्फिन सापडलं. म्हणजे वेदना दडपण्याची यंत्रणा आपल्यात जन्मजात होती. अफूच्या रेणूची ठेवण योगायोगाने तिच्याशी जुळली.

ही जुळणी शरीरात काय घडवते ते पाहू. समजा मांडीच्या हाडात कर्करोगाची गाठ आहे. तिथून निघालेला संदेश चेतातंतूवरून धावत पाठीच्या कण्यात येतो आणि तिथे पहिली चेतापेशी पुढच्या पेशीला तो रसायनांच्या थेंबातून सोपवते. मॉर्फिन नेमकं इथे आडवं येतं. देणाऱ्या पेशीतली कॅल्शियमची दारं ते बंद करतं, त्यामुळे रसायन सुटतच नाही. घेणाऱ्या पेशीतून ते पोटॅशियम बाहेर जाऊ देतं, त्यामुळे ती सुस्तावते. तिसरीकडे मध्यमेंदूतून कण्याकडे उतरणारा एक मार्ग असतो. खालून येणाऱ्या वेदनेला आवर घालण्याचं त्याचं काम मॉर्फिन जोरात सुरू करून देतं. आणि इतकं होऊनही जी वेदना मेंदूपर्यंत पोचते तिचा जाच कमी होतो. रुग्ण सांगतात की दुखणं आहे, जाणवतंय, पण ते आता खात नाही. मला या औषधाचं सगळ्यात मोठं नवल इथे वाटतं. स्पर्श शाबूत, ऐकू येणं शाबूत, माणसं ओळखणं शाबूत, फक्त दुखण्याचे दात काढून घेतलेले.

मॉर्फिन तसं नवं नाही. जर्मनीतल्या पाडरबोर्न गावात औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या फ्रीडरिश झेर्ट्युर्नर नावाच्या विशीतल्या तरुणाने १८०५च्या आसपास ते अफूतून वेगळं केलं आणि स्वप्नांच्या ग्रीक देवाच्या, मॉर्फियसच्या नावाने त्याचं बारसं केलं. पुढे त्याने ते स्वतःवर आणि तीन मुलांवर करून पाहिलं. आज असं केलं तर तुरुंगात जावं लागेल. १८२७पासून डार्मश्टाटच्या मर्कने ते विकायला काढलं, १८५०च्या दशकात इंजेक्शनची सुई आली. थोडक्यात, एकोणिसावं शतक अर्धं सरेपर्यंत औषध तयार होतं, ते आत पोचवायचं साधनही तयार होतं. तरीही पुढची शंभर वर्षं कर्करोगाचे रुग्ण रात्र रात्र कण्हत राहिले. औषध कपाटात, रुग्ण खाटेवर, आणि मधे एक समजूत उभी होती. मॉर्फिन होता होईल तो टाळायचं, अगदीच असह्य झालं तरच द्यायचं, नाहीतर सवय लागते.

ती समजूत मोडून काढणारी बाई आधी नर्स होती. सिसिली साँडर्स, जन्म १९१८. पाठीच्या दुखण्याने नर्सिंग सोडावं लागलं म्हणून त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. १९४८मध्ये त्यांची शुश्रूषा लाभलेला डेव्हिड टास्मा नावाचा पोलिश ज्यू निर्वासित मृत्यूपूर्वी त्यांच्या भावी संस्थेसाठी ५०० पौंड ठेवून गेला. त्या संस्थेची तेव्हा वीटही नव्हती. लंडनच्या सेंट ल्यूक्स या मरणासन्न रुग्णांसाठीच्या आश्रयस्थानात त्या संध्याकाळी सेवा द्यायला जात. तिथल्या नर्सेसचा एक जुना प्रघात त्यांच्या लक्षात आला. रुग्णाने मागण्याची वाट न पाहता त्या मॉर्फिन ठराविक वेळाने पाजत, आणि तिथले रुग्ण शांत असत, जागे असत. नर्सेसचं म्हणणं मान्य व्हायचं तर डॉक्टरच व्हायला हवं हे ओळखून साँडर्स पस्तिशी उलटल्यावर डॉक्टर झाल्या. १९५८पासून सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये त्यांनी रुग्णागणिक नोंदी ठेवून तीच रीत अभ्यासली आणि १९६७ साली लंडनच्या सिडनम भागात सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडलं. आधुनिक हॉस्पिसची सुरुवात तिथून धरतात.

त्यांची रीत एका वाक्यात मावते. दुखणं परत येण्याआधी पुढचा डोस द्यायचा. समई विझल्यावर काड्या ओढत बसण्यापेक्षा ती जळत असतानाच तेल घालावं, तसं. पोटातून घेतलेल्या साध्या मॉर्फिनचा अंमल साधारण चार तास टिकतो, म्हणून दर चार तासांनी ते द्यायचं. रुग्ण हसत असला तरी द्यायचं. हसतोय म्हणून एक डोस गाळला की पुढच्या तासा-दोन तासांत दुखणं उसळतं, आणि उसळलेलं दुखणं आवरायला जास्त औषध लागतं. झोपताना दुप्पट मात्रा देण्याचा प्रघात आहे, म्हणजे मध्यरात्री रुग्णाला उठवायला नको.

या साध्या वेळापत्रकाने व्यसनाच्या भीतीचाही पाया हलला. जुन्या वॉर्डात काय होत असे ते डोळ्यांसमोर आणा. औषध ‘गरज पडली तर’ असं लिहिलेलं. रुग्ण दुखण्याने घामाघूम. नर्स म्हणते, अजून एक तास आहे. तो माणूस घड्याळाकडे डोळे लावून बसतो, विनवतो, कधी आवाज चढवतो. बघणाऱ्याला वाटतं, झालं, याला चटक लागली. ती तगमग औषधाने आणलेली नसते, वाट पाहण्याने आणलेली असते. वेळेवर डोस मिळू लागला की तोच माणूस घड्याळ विसरतो.

मात्रा ठरवण्याची पद्धत तर मला गणिताइतकी देखणी वाटते. आपल्याला डोस म्हणजे वयाप्रमाणे गोळी अशी सवय. पॅरासिटामॉल दिवसाला चार ग्रॅमच्या वर गेलं की यकृत धोक्यात येतं, तिथे छप्पर असतं. मॉर्फिनला असं ठरीव छप्पर नाही. कुणाला दर वेळी पाच मिलिग्रॅम पुरतात, कुणाला दिवसाकाठी काही शे मिलिग्रॅम लागतात, आणि दोघंही नातवाशी तितक्याच शुद्धीत बोलत असतात. योग्य मात्रा कोणती हे पुस्तक सांगत नाही, रुग्ण सांगतो. अगदी थोड्यावर सुरुवात करायची. शिवाय मधेच कळ उठली तर घ्यायला एक जादा डोस हाताशी ठेवायचा, दिवसभराच्या एकूण मात्रेच्या साधारण एक षष्ठांश. घरच्यांनी वहीत लिहायचं, जादा डोस कितीदा लागला. डॉक्टर ती वही पाहून जादा लागलेलं औषध रोजच्या मात्रेत मिसळतात आणि नव्याने सहाने भागतात. असं करत दोन-चार दिवसांत त्या माणसाचा आकडा सापडतो. तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनचा बराचसा भाग यकृत पहिल्याच फेरीत मोडून टाकतं, रक्तात सुमारे एक तृतीयांशच उतरतो. म्हणून गोळीची मात्रा इंजेक्शनच्या दुप्पट-तिप्पट असते. ‘गोळीत एवढे मिलिग्रॅम?’ म्हणून दचकायचं कारण नाही.

जाता जाता एक गंमत सांगितलीच पाहिजे. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयाच्या नावाने ओळखलं जाणारं एक मिश्रण त्या काळी फार नावाजलेलं होतं: मॉर्फिन किंवा हेरॉइन, कोकेन, मद्य आणि गोडी यावी म्हणून मध किंवा पाक. बऱ्याच डॉक्टरांना वाटे की खरी करामत या मिश्रणाच्या नेमक्या प्रमाणात आहे. सेंट क्रिस्टोफर्सच्या रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी १९७०च्या दशकात रीतसर चाचण्या घेतल्या, तेव्हा दिसलं की हेरॉइनऐवजी मॉर्फिन दिलं तरी रुग्णाच्या दृष्टीने फरक पडत नाही आणि कोकेन फुकटचं आहे. ब्रॉम्प्टनचं पेय मागे पडलं, राहिलं ते पाण्यातलं कडू मॉर्फिन आणि घड्याळ. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी जाहीर केली. आधी पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं, मग सौम्य ओपिऑइड, म्हणजे अफूच्या कुळातली औषधं, मग मॉर्फिन. पण तिच्यातही खरा भर होता तो ‘तोंडाने द्या, वेळेवर द्या’ यावरच. ही शिडी पायरी पायरीने चढलीच पाहिजे असा आग्रह आता कुणी धरत नाही. दुखणं मोठं असेल तर थेट वरच्या पायरीवर जातात.

एवढं सगळं असूनही मॉर्फिन एकट्याने पुरं पडत नाही, आणि हे हॉस्पिसमधल्या नर्सला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. ती विचारते, ‘आजी, कसं दुखतं?’ किती दुखतं हा प्रश्न नंतरचा. त्यासाठी शून्य ते दहा आकडे आहेत, मुलांसाठी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं आहेत, आणि कुणी कुणी सरळ रुपयाचा हिशेब लावतात: काल रुपयाभर दुखत होतं तर आज किती पैसे? पण ‘कसं’ या प्रश्नावर उपचार ठरतो. आजी म्हणाल्या ‘ठणकतं, एकाच जागी, कूस बदलली की जीव जातो’, तर बोट हाडाकडे जातं. ‘आग होते, करंट बसल्यासारखी सणक पार तळपायापर्यंत जाते, पदर लागला तरी सोसत नाही’, तर गाठीने मज्जातंतू दाबला किंवा पोखरला आहे. ‘मुरडा येतो, जातो, परत येतो’, तर आतड्याचा किंवा एखाद्या नळीचा स्नायू आवळतोय. ‘बरगडीखाली उजवीकडे जड जड भरून आलंय’, तर यकृत सुजून त्याचं आवरण ताणलं गेलं असेल. एकाच देहात चारही असू शकतात आणि चौघांवर वेगवेगळी औषधं लागतात.

आग आणि सणक यांच्यावर मॉर्फिन एकटं कमी पडतं. जखमी मज्जातंतू वर काही नसताना आपणहूनच संदेश फेकत राहतो. त्याला शांत करायला ॲमिट्रिप्टिलिन नावाचं औषध रात्री अगदी थोड्या मात्रेत देतात. ते मूळचं नैराश्यावरचं. किंवा गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन देतात, ती मिरगीवरची. गॅबापेन्टिनची कथा मजेशीर आहे. मेंदूत गॅबा नावाचं शांतवणारं रसायन असतं, त्याच्या ठेवणीवर ते बेतलं, नावही त्यावरून दिलं. आणि अभ्यासाअंती निघालं की ते गॅबाच्या जागांना हातच लावत नाही, चेतापेशीतल्या कॅल्शियमच्या दारांना लागून असलेल्या एका तुकड्यावर काम करतं. चुकीच्या पत्त्यावर धाडलेलं औषध भलत्याच घरी उपयोगी पडलं. सूज आणि दाब असेल तर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. मुरड्यावर हायोसिनचं ब्युटिलब्रोमाइड, जे स्नायूची आवळ सोडवतं. हाडाच्या ठणक्यावर दाह कमी करणाऱ्या गोळ्या, हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर घालणारी औषधं, आणि सर्वांत नवलाची म्हणजे एकाच बैठकीत दिलेला ८ ग्रे किरणोत्सार. दहा दहा फेऱ्या नकोत. एका दिवसाची खेप, काही मिनिटांचं काम, आणि बऱ्याच रुग्णांचं दुखणं पुढच्या काही आठवड्यांत उतरतं.

या मदतनीस औषधांपायी घरोघरी गोंधळ होतो तो वेगळाच. मळमळ थांबावी म्हणून चिमूटभर हॅलोपेरिडॉल लिहिलेलं असतं. केमिस्ट म्हणतो, ही तर वेड्यांना देतात ती गोळी. कुणी भाचा मोबाइलवर शोधून सांगतो की मावशींना मिरगीची औषधं चालू आहेत. मग गोळ्या गुपचूप बंद होतात आणि मावशी रात्रभर तळमळतात. चिठ्ठी लिहिताना ‘हे कशासाठी’ एवढं मराठीत एका ओळीत लिहून देणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला फार आदर आहे.

आणि पोटाचं. मॉर्फिनचे रिसेप्टर आतड्याच्या भिंतीतही दाटीवाटीने असतात, तिथे बसून ते आतड्याची हालचाल मंदावतं. सुरुवातीची मळमळ, पेंग ही साधारण आठवड्याभरात ओसरते, कारण शरीर त्यांना सरावतं. आतडं मात्र सरावत नाही. त्यामुळे मॉर्फिनच्या चिठ्ठीवर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून असायलाच हवं, आणि ते बहुधा असतं आपल्या आजीच्या ओळखीचं. सोनामुखी. तिच्यातली द्रव्यं मोठ्या आतड्याला चाळवतात, मॉर्फिनने जे निजवलं त्यालाच ती उठवतात. इथे इसबगोल मात्र नको. आतडं आधीच सुस्त, रुग्ण पाणी जेमतेम पितो, अशा वेळी तो फुगून आतच अडकून बसू शकतो. ‘नैसर्गिकच आहे, काय होतंय’ म्हणून घरचे नेमका तोच देतात.

आता सगळ्यांच्या मनातली भीती. मॉर्फिनने श्वास थांबतो ना? श्वासाचा ठेका मेंदूच्या बुंध्याशी धरला जातो आणि तिथेही हे रिसेप्टर आहेत, म्हणून मनमानी मात्रेने श्वास थांबू शकतो. हे खरंच आहे आणि लपवण्यात अर्थ नाही. पण वेदना स्वतःच श्वासाला चेतवत असते, आणि दुखण्याच्या मापाने हळूहळू वाढवत नेलेल्या मात्रेत श्वास मंदावण्याच्या कितीतरी आधी गुंगी दाटते. ती पाहून मात्रा उतरवता येते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, रुग्ण हाक मारूनही नीट जागा होईना, हातपाय मधूनच झटके देऊ लागले, ही चिन्हं नर्सला पाठ असतात. झटक्यांचं मूळ बऱ्याचदा मूत्रपिंडात असतं. यकृत मॉर्फिनचं रूपांतर ज्या द्रव्यांत करतं त्यांतलं एक मूळ मॉर्फिनपेक्षाही जहाल वेदनाशामक आहे, आणि ही द्रव्यं लघवीवाटे जातात. मूत्रपिंड थकलं की ती साचतात. मग औषध बदलून फेंटॅनिल देतात.

फेंटॅनिल मॉर्फिनच्या सुमारे शंभर पट तीव्र. बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी १९६०मध्ये ते बनवलं. ते मेदात इतकं सहज विरघळतं की कातडीतून आरपार जातं. दंडावर चिकटवलेला छोटासा पॅच तीन दिवस औषध पाझरत राहतो. कातडीखाली आधी त्याचा साठा होतो आणि तिथून ते रक्तात उतरतं, म्हणून पहिल्या पॅचचा गुण यायला बारा तास किंवा जास्त लागतात आणि काढल्यावरही अंमल रेंगाळतो. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर औषध भसाभस आत शिरतं. हे घरच्यांना बजावून सांगावं लागतं.

अमेरिकेत याच कुळातल्या औषधांनी काय हाहाकार माजवला तेही सगळ्यांना माहीत आहे. १९९६मध्ये बाजारात आलेली ऑक्सिकॉन्टिनची गोळी कंबरदुखीपासून कशावरही, व्यसनाचा धोका नगण्य असल्याचं सांगत खपवली गेली, आणि पुढे अवैध फेंटॅनिलने रस्त्यावर माणसं मेली. ती चूक औषध कुणाला, किती दिवस आणि कुणाच्या देखरेखीखाली द्यायचं याची होती. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाचं गणित वेगळं असतं. अचानक औषध तोडलं तर त्याच्याही शरीराला त्रास होतो, पण ते शरीराचं सरावणं झालं. औषधाच्या मागे लागून बाकीचं जग सोडून देणं म्हणजे व्यसन. इथे तर माणूस औषधामुळे जगाकडे परत वळतो.

भारताने मात्र भीतीचीच बाजू घेतली. १९८५मध्ये अमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा आला. पुढच्याच वर्षी डॉ. ल्युईस जोसे डिसूझा यांनी मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना हे देशातलं पहिलं हॉस्पिस उघडलं. पुढे गोव्यात लोटलीलाही त्याची शाखा झाली. इकडे वेदनामुक्तीचं दार उघडत होतं आणि तिकडे तिचं औषध कुलपात जात होतं. अनेक परवान्यांसाठी वेगवेगळ्या खात्यांचे उंबरे झिजवायचे, एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नाही, आणि हिशेबात चूक झाली तर दहा वर्षांची कैद. औषधवाल्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. १९९७पर्यंत देशातला वैद्यकीय वापर वर्षाला अवघ्या १८ किलोवर आला. जो देश जगाला कायदेशीर अफू पुरवतो, त्या देशात ही अवस्था! केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी १९९३मध्ये कालिकतला वेदना-उपशमनाचं काम सुरू केलं आणि कायद्याशीही झगडा मांडला. २०१४मध्ये संसदेने दुरुस्ती केली. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन अशा सहा औषधांना आवश्यक औषधांचा वेगळा दर्जा मिळाला आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना ती ठेवण्यासाठी देशभर एकच सोपी पद्धत आली. पण कायदा सुधारला म्हणजे ज्या डॉक्टरांनी शिकताना मॉर्फिन कधी लिहिलंच नाही त्यांचा हात लगेच वळत नाही. लॅन्सेटच्या आयोगाने २०१७मध्ये मांडलेला हिशेब पाहिला तर छाती दडपते: जगात वर्षाला वाटल्या जाणाऱ्या २९८.५ टन ओपिऑइडपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला ०.१ टन.

शेवटच्या दिवसांत गिळता येत नाही तेव्हा काय करतात, हेही नवल वाटावं असं आहे. मार्टिन राइट नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९७०च्या दशकात थॅलेसेमियाच्या रुग्णांना शरीरातलं लोह काढणारं औषध सावकाश देता यावं म्हणून बॅटरीवर चालणारा हाताएवढा पंप बनवला. पोलिसांचं दारू तपासायचं यंत्र आणि दमेकऱ्यांचं फुंकून मोजायचं यंत्र यांच्यामागेही हेच गृहस्थ. हॉस्पिसवाल्यांनी तो पंप उचलला. छातीच्या किंवा दंडाच्या कातडीखाली बारीक सुई, आणि चोवीस तास थेंब थेंब मॉर्फिन, सोबत मळमळीचं, अस्वस्थपणाचं, घशातली घरघर कमी करणारं औषध, एकाच सिरिंजमध्ये. शीर शोधायला नको, दर चार तासांनी टोचायला नको, रुग्ण स्वतःच्या खाटेवर घरी राहू शकतो. धाप लागली असेल तर अगदी कमी मात्रेतलं मॉर्फिन ती जाणीवही सौम्य करतं; आणि गालावर हातपंख्याने वारा घातला तरी धाप कमी वाटते, कारण चेहऱ्याच्या मज्जातंतूला गार झुळूक लागली की श्वासाची तहान मेंदूला कमी भासते. चाचण्यांत हे दिसून आलं आहे. आपल्याकडे उशाशी बसून वारा घालणाऱ्या बायकांना त्याची खबर आधीच होती.

साँडर्स यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवून ठेवलं. काही वेदना कितीही मॉर्फिन वाढवलं तरी हलत नाहीत. मात्रा तिप्पट होते, गुंगी येते, दुखणं तिथेच. शोधलं तर निघतं की मुलाशी दहा वर्षं बोलणं नाही, किंवा सोसायटीचं कर्ज बायकोला माहीतच नाही, किंवा देवाने हे मलाच का दिलं याचं उत्तर सापडत नाही. शरीराची, मनाची, घरादाराची आणि श्रद्धेची वेदना एकत्र गुंफलेली असते, तिला त्यांनी ‘संपूर्ण वेदना’ म्हटलं. म्हणून हॉस्पिसच्या पथकात समाजसेवक असतात. मुलाला फोन लावणं हे तिथे खरोखरीच उपचारात धरतात, आणि नंतर कधी कधी मात्रा कमी करता येते.

मात्रा कमी करता येते, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. ‘मॉर्फिन सुरू केलं म्हणजे आता संपलंच का, डॉक्टर?’ हा प्रश्न बहुतेक घरी विचारला जातो. मॉर्फिन दुखण्यावर चालतं, आयुष्य किती उरलं यावर नाही; कुणी ते काही दिवस घेतं, कुणी वर्षभर घेऊन कामावर जातं. योग्य मात्रेने मरण जवळ येतं असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. किरणोत्साराने हाड सावरलं, किंवा मज्जातंतूवरचा दाब उतरला, तर डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवत नेतात, दुखणं डोकं वर काढत नाही ना हे पाहत. एखाद्याचं मॉर्फिन पूर्णपणे सुटतंही. मग उरलेल्या गोळ्यांची पाकिटं घेऊन घरचे रुग्णालयात येतात, काउंटरवर त्या मोजल्या जातात, आणि ‘परत आलेल्या’ म्हणून त्यांची नोंद होते.